कशासाठी थांबायचं नाही : पक्षाघात आणि कॅज्युअल्टीतली मिनिटं

हेलसिंकीच्या विद्यापीठ रुग्णालयात 1998 साली पक्षाघाताचा रुग्ण दारातून आत आला, की गुठळी विरघळवणारं औषध त्याच्या शिरेत जायला 105 मिनिटं लागत. हा मध्यक, म्हणजे निम्म्या रुग्णांना याहूनही जास्त वेळ लागे. 2011 मध्ये तिथेच हा आकडा 20 मिनिटांवर आला होता आणि शंभरातल्या 94 रुग्णांना तासाच्या आत औषध मिळत होतं. मधल्या तेरा वर्षांत औषध बदललं नव्हतं. तेच अल्टेप्लेझ, वजनामागे तोच डोस. मग 85 मिनिटं वाचली कुठून?

आट्टे मेरेतोया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात याचा हिशोब मांडला. त्यांनी एकेक करत बारा बदल केले होते, आणि त्यांत वैद्यकीय शोध म्हणावा असा एकही नाही. रुग्णवाहिकेने वाटेतूनच रुग्णालयाला फोन करायचा. रुग्ण पोचण्याआधी त्याची जुनी माहिती काढून ठेवायची, तपासण्या आणि सीटी आधीच सांगून ठेवायचं. सीटीचं यंत्रच इमर्जन्सी विभागात आणायचं. रुग्णाला पलंगावर न घेता रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरवरूनच थेट सीटीकडे न्यायचं. रक्ताच्या अहवालांसाठी खोळंबायचं नाही. औषध आधी तयार ठेवायचं आणि सीटीच्या टेबलावरच द्यायचं.

ही यादी नीट वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. इथे कुणाला जास्त घाई करायला सांगितलेलं नाही. डॉक्टर पूर्वीइतक्याच काळजीने तपासत होते, सीटीला लागायची तेवढीच मिनिटं लागत होती. कमी झालं ते कामांच्या मधलं थांबणं. पक्षाघाताच्या तातडीच्या उपचाराचं सगळं शास्त्र माझ्या मते या एका प्रश्नाभोवती फिरतं : कोणत्या गोष्टीसाठी थांबणं भाग आहे, आणि कोणत्या गोष्टीसाठी आपण निव्वळ सवयीने थांबतो?

मिनिटाची किंमत

मेंदूच्या शंभर ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण 50 मिलिलिटर रक्त लागतं. पुरवठा 20 च्या खाली गेला की तिथल्या पेशी काम थांबवतात, पण मरत नाहीत. 10 च्या खाली गेला की मरू लागतात. एखादी रोहिणी गुठळीने बंद झाली की मधोमध मृत पेशींचा गाभा तयार होतो, आणि त्याच्या भोवती काम थांबलेल्या पण जिवंत पेशींचं कडं उरतं. वैद्यकात याला पेनम्ब्रा म्हणतात. आजूबाजूच्या छोट्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या रक्तावर ते तग धरून असतं. हात लुळा पडतो त्यात गाभ्याचा वाटा असतो, तसाच या कड्याचाही. वाचवायचं असतं ते हे कडं.

अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी 2006 मध्ये याचं गणित मांडलं. मोठी वाहिनी बंद झाली आणि उपचार मिळाला नाही, तर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी आणि 12 किलोमीटर चेतातंतू नष्ट होतात. हा आकडा आता भिंतीवरच्या पोस्टरांवर दिसतो. पण तो सरासरीचा आहे आणि सरासरी इथे फसवी ठरते. कुणाच्या मेंदूत आडवाटेच्या वाहिन्या भरपूर असतात. त्याचं कडं दहा-बारा तासही टिकतं. कुणाचं तासाभरात संपतं. स्ट्रेचरवर समोर आलेला माणूस यातला कोणता, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्या गटातला धरूनच चालावं लागतं.

औषधाच्या चाचण्यांतून हीच उतरंड दिसते. नऊ चाचण्यांतल्या 6,756 रुग्णांचं एकत्रित विश्लेषण 2014 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पहिल्या तीन तासांत अल्टेप्लेझ मिळालेल्यांपैकी सुमारे 33 टक्के रुग्ण जवळजवळ पूर्ववत झाले. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण 23 टक्के होतं. तीन ते साडेचार तासांच्या टप्प्यात हेच आकडे 35 आणि 30. म्हणजे दहाचा फायदा पाचावर आला. औषधासाठीच्या साडेचार तासांच्या मुदतीकडे पास होण्याच्या गुणांसारखं पाहणाऱ्यांनी हे आकडे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. चार तास वीस मिनिटांना दिलेलं औषध नियमात बसतं. पण तेच औषध दोन तासांना देता आलं असतं, तर त्या रुग्णाचं पुढचं आयुष्य कदाचित वेगळं झालं असतं. मेरेतोयांच्याच 2014 च्या दुसऱ्या अभ्यासाप्रमाणे वाचवलेलं एकेक मिनिट रुग्णाला सरासरी 1.8 दिवसांचं निरोगी आयुष्य मिळवून देतं.

ओळख

तोंड, हात, बोलणं. या तीन खुणा आता शाळेच्या भिंतींवरही दिसतात. त्यांना तोल आणि नजर जोडली की बी-फास्ट ही पाच खुणांची चौकट तयार होते. आम जनतेसाठी एवढं पुरे. कॅज्युअल्टीत मात्र या खुणा कशा पाहायच्या याला महत्त्व आहे, कारण चुका तिथेच होतात.

चेहरा पाहताना “हसा” म्हणण्यात अर्थ नाही. घाबरलेला माणूस हसत नाही. “दात दाखवा” म्हटलं की तोंडाचा कोपरा कुठे मागे राहतो ते लगेच दिसतं. मग भुवया वर करायला लावायच्या. कपाळाच्या दोन्ही बाजूंना आठ्या पडत असतील आणि तोंड तेवढं वाकडं असेल, तर दोष मेंदूत असण्याची शक्यता मोठी. कपाळाची एक बाजूही सपाट राहत असेल, डोळाही मिटत नसेल, तर बहुधा ती चेहऱ्याच्या शिरेची सूज. दुसऱ्या प्रकारात रुग्णाइतकेच नातेवाईकही घाबरलेले असतात, पण तिथे घड्याळ लावावं लागत नाही.

हाताची परीक्षा याहून बारीक आहे. दोन्ही हात पुढे, तळवे आकाशाकडे, डोळे मिटलेले, दहा सेकंद. हात धप्पकन खाली पडला तर कुणालाही कळेल. पण कमजोरी थोडी असते तेव्हा हात पडण्याआधी तळवा हळूच आत वळायला लागतो, करंगळी बाहेर सरकते, मग मनगट, मग कोपर. हे वळणं पुष्कळदा काही सेकंदांनी सुरू होतं. तीन सेकंदांत “हात ठीक आहेत” असं केसपेपरवर लिहून मोकळं होणाऱ्याच्या नजरेतून नेमकं तेवढंच निसटतं.

बोलण्याची परीक्षा रुग्णाच्या घरच्या बोलीत घ्यावी. मनगटावरचं घड्याळ दाखवून “हे काय?” विचारलं तर पुष्कळांना सांगता येतं. मग घड्याळाचा पट्टा दाखवायचा, पेनाचं टोपण दाखवायचं. तिथे शब्द अडतो. एखादं लांब वाक्य मागोमाग म्हणायला लावलं की आणखी स्पष्ट होतं. डाव्या मेंदूच्या पक्षाघातात कित्येकदा हात-पाय धड असतात आणि फक्त भाषा विस्कटते. रुग्ण भराभर बोलतो, पण शब्द भलतेच. त्याला नाव सांगा म्हटलं तर तो हात वर करतो. घरचे म्हणतात, सकाळपासून बरळतायत. आणि केसपेपरवर लिहिलं जातं : भ्रम. तिथून मेडिसिनचा वॉर्ड, सोडियमची तपासणी, मानसोपचाराचा सल्ला आणि गेलेले चार तास.

उजव्या मेंदूचं दुखणं याहून फसवं. तिथे रुग्णाला आपल्याला काही झालंय हेच उमगत नाही. डावा हात लोळागोळा झालेला असतो आणि आजोबा म्हणत असतात, “मला काही झालेलं नाही, या पोरांनी उगाच आणलं.” डाव्या बाजूला उभ्या असलेल्या मुलीकडे ते बघतही नाहीत. दोन्ही हातांना एकाच वेळी हलकं टोचून “कुठे लागलं?” विचारलं की फक्त उजवीकडचं सांगतात. अशा रुग्णाच्या स्वतःच्या म्हणण्यावर विसंबून राहिलं, की निदान हातचं गेलं.

डोळेही पाहावेत. मोठ्या पक्षाघातात दोन्ही डोळे एका बाजूला ओढले जातात, आणि ते दुखावलेल्या मेंदूच्या बाजूला, म्हणजे लुळ्या अंगाच्या उलट दिशेला बघतात. फिट चालू असेल तर साधारणपणे याच्या उलट. दाराशी उभं राहून दोन सेकंदांत दिसणारी ही खूण मोठी वाहिनी बंद असल्याचं सुचवते, आणि मोठी वाहिनी म्हटलं की पुढची दिशाच बदलते. ते पुढे येईलच.

सगळ्यात जास्त हुकतं ते मागच्या मेंदूचं दुखणं. चक्कर, उलट्या, तोल जाणं. हात-पाय ठीक, बोलणं ठीक. आपल्याकडे याला ‘पित्त झालं असेल’ किंवा ‘मानेचा त्रास असेल’ म्हणून सलाईनवर ठेवण्याची रीत आहे. पक्षाघाताची तीव्रता मोजणारी एनआयएचएसएस ही 0 ते 42 गुणांची मोजपट्टी पुढच्या मेंदूला झुकतं माप देते. लहान मेंदूच्या पक्षाघातात तिच्यावर शून्यही येऊ शकतं. यावर साधा उपाय असा की चक्कर येणाऱ्या कुठल्याही रुग्णाला पलंगावर बसवल्याशिवाय आणि चार पावलं चालवल्याशिवाय घरी सोडायचं नाही. आडवं असताना ज्याला कसलाच दोष नव्हता, त्याला आधाराशिवाय बसताही येत नाही, हे तेव्हा दिसतं. डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली हिंट्स ही तपासणी 2009 पासून उपलब्ध आहे आणि तयार हातांत ती सुरुवातीच्या एमआरआयपेक्षाही सरस ठरते. पण हात तयार नसतील तर तिचा उपयोग उलटा होतो, म्हणून ती सरसकट सगळ्यांच्या हाती द्यावी या मताचा मी नाही.

दारूचा वास येतोय म्हणून कोपऱ्यातल्या बाकावर ‘उतरू द्या’ म्हणत ठेवलेला रुग्ण हा वेगळा धडा आहे. दारू प्यालेल्यालाही पक्षाघात होतो.

हे सगळं तपासणार डॉक्टर. पण डॉक्टरपर्यंत रुग्ण पोचवणार कोण? सरकारी रुग्णालयात रुग्णाला पहिल्यांदा पाहतात ते दारावरचा वॉचमन, स्ट्रेचर ढकलणारे मामा आणि केसपेपर काढणारा क्लार्क. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय, यातली एक गोष्ट दिसली तर रांग मोडून आवाज द्यायचा अधिकार या तिघांना हवा. यातले काही इशारे फुकट जातील. जाऊ द्यावेत. पक्षाघात नसलेल्याला चुकून गुठळीचं औषध मिळालंच, तरी मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आढळलं आहे. खरा पक्षाघात बाकावर बसून राहण्याची किंमत त्याहून कितीतरी मोठी आहे.

शेवटचं ठीक कधी

औषधाचं घड्याळ सुरू होतं ते त्रास दिसला तेव्हापासून नव्हे. रुग्ण शेवटचा ठीक असल्याचं कुणी पाहिलं, त्या क्षणापासून. हा फरक संवादात कसा हरवतो ते बघण्यासारखं आहे.

“कधी झालं हे?”

“सकाळी सातला उठले, तेव्हा तोंड वाकडं दिसलं.”

“रात्री झोपताना ठीक होते?”

“हो, साडेदहाला दूध घेऊन झोपले.”

इथे बहुतेक जण थांबतात. साडेदहा ते आत्ताचे पावणेआठ म्हणजे सव्वानऊ तास. वेळ निघून गेली. पण आणखी एक प्रश्न विचारायचा असतो : “मधे कुणी उठलेलं पाहिलं का?” मागे उभी असलेली सून म्हणते, “चारला बाथरूमला गेले होते. मीच दिवा लावून दिला. चालत आले-गेले, बोलले माझ्याशी.” आता तोच माणूस पावणेचार तासांचा झाला आणि त्याच्यासाठी पाऊण तास उरला. ज्याला खरी माहिती असते ती व्यक्ती बहुधा पुढे येत नाही. पुढे येतो तो घरातला कर्ता. म्हणून रात्री खोलीत कोण होतं हे विचारून त्या माणसाशी बोलायचं, समोर नसेल तर फोन लावायचा. रुग्ण एकटा राहणारा असेल तर मोबाइलवरचा शेवटचा कॉल किंवा दूधवाल्याशी झालेलं बोलणं हाही पुरावा.

कुणीच काही सांगू शकलं नाही तरी सगळं संपत नाही. वेक-अप या 2018 सालच्या चाचणीने दाखवलं की एमआरआयच्या दोन प्रकारच्या चित्रांतली तफावत पाहून झोपेत झालेला पक्षाघात किती ताजा आहे याचा अदमास घेता येतो, आणि निवडक रुग्णांना औषध देता येतं. त्यासाठी एमआरआय त्या वेळी चालू असायला हवा, ही अट मोठी आहे.

थांबायचं ते तीन गोष्टींसाठी

गुठळीचं औषध देण्याआधी तीन गोष्टी हाती असायलाच हव्यात : रक्तातली साखर, रक्तदाब आणि साध्या सीटीचं चित्र.

साखर कारण ती नक्कल करते. इन्सुलिन घेऊन जेवायला उशीर झालेल्या माणसाची साखर 40 वर येते आणि त्याचा अर्धा भाग हुबेहूब पक्षाघातासारखा लुळा पडतो. शिरेतून डेक्स्ट्रोज गेलं की पाच-दहा मिनिटांत हात हलतो. बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर हे अर्ध्या मिनिटात कळतं. प्रयोगशाळेच्या आकड्याची गरज नाही.

रक्तदाब 185/110 च्या खाली असावा लागतो, आणि औषधानंतरचे चोवीस तास 180/105 च्या खाली. जास्त असेल तर लॅबेटॅलॉलसारखं औषध शिरेतून देत हळूहळू उतरवायचा. गुठळीचं औषध द्यायचं नसेल तर मात्र 220/120 पर्यंतच्या दाबाला सहसा हात लावत नाहीत, कारण त्या कड्यापर्यंत रक्त पोचवणारा तोच दाब असतो. घाबरून जिभेखाली निफेडिपीनची गोळी ठेवायची सवय अजून गेलेली नाही. दाब धाडकन कोसळतो आणि कडं मरतं. पुष्कळदा हा उपचार वाटेतल्या दवाखान्यात मायेपोटी आणि चांगल्या हेतूने होऊन गेलेला असतो.

सीटीबद्दल एक गैरसमज इतका रुजलेला आहे की तो स्वतंत्र सांगावा लागतो. पहिल्या काही तासांतल्या सीटीत गुठळीचा पक्षाघात पुष्कळदा दिसतच नाही. सीटी काढायचा तो मेंदूत रक्तस्राव नाही ना हे पाहायला. ताजा रक्तस्राव त्यात पांढराशुभ्र दिसतो. तेव्हा “सीटी नॉर्मल आहे, घाबरू नका” हे वाक्य बोलणाऱ्याला सीटी कळलेला नाही. हात लुळा आणि सीटी स्वच्छ, म्हणजे औषधाचा रस्ता मोकळा झाला.

आणि बाकीचं? ईसीजी, छातीचा एक्स-रे, क्रिएटिनिन, लघवीची नळी, नाकातली नळी. ही कामं करायची, पण त्यांच्यासाठी औषध अडवायचं नाही. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणाऱ्या आयएनआरच्या अहवालासाठी फक्त त्यांच्याच बाबतीत थांबायचं जे वॉरफरिनसारखी औषधं घेतात किंवा ज्यांना रक्त न गोठण्याचा विकार असण्याची शंका आहे. आपल्याकडे यात आणखी काही थांबे आहेत. सीटीची फिल्म छापून येईपर्यंत, तिच्यावर लेखी अहवाल येईपर्यंत, आयसीयूत पलंग मिळेपर्यंत, काउंटरवर डिपॉझिट भरल्याची पावती येईपर्यंत. पडद्यावर दिसणारं चित्र फिल्मवर उतरल्याने जास्त खरं होत नाही. मोबाइलवर पाठवलेलं चित्र पाहून घरी असलेला रेडिओलॉजिस्ट दोन मिनिटांत “ब्लीड नाही” एवढं सांगू शकतो, आणि त्या क्षणी तेवढंच हवं असतं. डिपॉझिटचा प्रश्न डॉक्टरच्या हातातला नाही हे खरं, पण औषधाची एक कुपी कॅज्युअल्टीच्या फ्रिजमध्ये ठेवून आधी वापरायची आणि हिशोब मागाहून करायचा, हा निर्णय व्यवस्थापनाला एका बैठकीत घेता येतो.

अमेरिकेत 1996 साली ठरलेली जुनी उद्दिष्टं अशी होती : दहा मिनिटांत डॉक्टरने पाहणं, पंचविसाव्या मिनिटाला सीटी, पंचेचाळिसाव्याला त्याचं वाचन, साठाव्याला औषध. आज साठ मिनिटं ढिली वाटतात. पण ही उद्दिष्टं एकामागोमाग रचलेली होती, आणि गोम तिथेच आहे. हीच कामं एकाच वेळी करता येतात. डॉक्टर तपासत असताना सिस्टर कोपरापाशी जाड सुई लावते, त्याच वेळी तिसरा माणूस नातेवाइकांकडून वेळ आणि औषधं विचारून घेतो, चौथा सीटीच्या खोलीला फोन करून टेबल रिकामं करवतो. यासाठी माणसं वाढवावी लागत नाहीत. कुणी काय करायचं हे रुग्ण येण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

नातेवाईक

संमती हा आपल्याकडचा सगळ्यात लांब थांबा. “मोठा भाऊ निघालाय, तासाभरात पोचेल, त्याला विचारून सांगतो.” हे म्हणणाऱ्याला दोष देता येत नाही. दहा मिनिटांपूर्वी तो घरी चहा पीत होता आणि आता त्याला कुणीतरी सांगतंय की औषधाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्याने ऐकलेलं असतं तेवढंच.

1995 साली ज्या चाचणीने अल्टेप्लेझला मान्यता मिळवून दिली, त्या 624 रुग्णांच्या अभ्यासात औषध मिळालेल्यांपैकी 6.4 टक्के रुग्णांना मेंदूत लक्षणं दाखवणारा रक्तस्राव झाला; औषध न मिळालेल्यांत 0.6 टक्के. हा धोका लपवू नये. पण नुसता धोका सांगून गप्प बसणं हेही एक प्रकारे दिशाभूल करणंच. औषध न देण्याचा परिणाम त्याच वाक्यात यायला हवा : “दिलं नाही तर शंभरातले तेवीस जण जवळजवळ पूर्ववत होतात. आत्ता दिलं तर तेहेतीस. साधारण सहा जणांना रक्तस्राव होतो, आणि तो धरूनच मी हे आकडे सांगतोय. अर्ध्या तासाने हा फायदा कमी होईल.” भावाला फोन लावून तोच स्पीकरवर घ्यायचा आणि हे एकदाच सांगायचं. ही बोलणी सीटीच्या दाराबाहेर, सीटी चालू असताना उरकतात.

संमती मिळाली की अल्टेप्लेझ वजनाच्या किलोमागे 0.9 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 90. त्यातलं दहा टक्के एका मिनिटात आणि उरलेलं तासाभरात पंपाने. गुठळी विरघळवणारंच दुसरं औषध, टेनेक्टेप्लेझ, एकाच इंजेक्शनात जातं, पंप लागत नाही. लहान रुग्णालयाला आणि पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवायच्या रुग्णाला हे फार सोयीचं. आपल्याकडचं टेनेक्टेप्लेझ पुण्यातल्या जेनोव्हा कंपनीत बनतं. 2022 मध्ये कॅनडातल्या मोठ्या चाचणीत टेनेक्टेप्लेझ अल्टेप्लेझपेक्षा कमी पडत नाही असं दिसलं. तेव्हा औषध इथे नाही ही सबब आता उरलेली नाही.

मोठी गुठळी

मोठ्या वाहिनीतली लांब गुठळी औषधाने क्वचितच पूर्ण विरघळते. जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन ती ओढून काढता येते, हे 2015 च्या सुमारास लागोपाठ आलेल्या पाच चाचण्यांनी निर्विवाद सिद्ध केलं. त्या पाचांतल्या 1,287 रुग्णांचा एकत्र हिशोब सांगतो की अडीच-तीन रुग्णांवर ही प्रक्रिया केली की एकाचं अपंगत्व किमान एका पायरीने कमी होतं. वैद्यकात इतका घसघशीत फायदा विरळा. 2018 मध्ये डॉन आणि डिफ्यूज-3 या चाचण्यांनी निवडक रुग्णांसाठी ही मुदत अनुक्रमे 24 आणि 16 तासांपर्यंत वाढवली. ज्यांचं कडं टिकून आहे अशांनाच हे लागू पडतं.

याचा कॅज्युअल्टीशी संबंध असा की ही सोय थोड्याच शहरांत आहे, आणि रुग्ण पुढे पाठवायचा निर्णय पहिल्याच रुग्णालयाला घ्यावा लागतो. डोळे एका बाजूला ओढलेले, भाषा गेलेली, एक बाजू पूर्ण लुळी असा रुग्ण असेल तर गुठळीचं औषध देऊन लगेच रुग्णवाहिका बोलवायची. औषधाचा परिणाम बघत बसायचं नाही. पाठवणाऱ्या रुग्णालयात रुग्ण आत येण्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ मोजायची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाहीच. पुढचं रुग्णालय कितीही चपळ असलं तरी इथले दीड-दोन तास परत येत नाहीत.

रक्तस्रावाच्या पक्षाघाताबद्दल एवढंच, की “ब्लीड आहे, आता काही करता येत नाही” हे म्हणणं जुनं झालं. 2023 च्या इंटरॅक्ट-3 या चाचणीत वरचा रक्तदाब तासाभरात 140 च्या खाली आणणं, साखर आणि ताप आवरणं, वॉरफरिनचा परिणाम लगेच उलटवणं असा एकत्रित उपचार केल्यावर रुग्णांचं भलं झालेलं दिसलं. इथेही घड्याळ असतं, फक्त औषधं उलट्या दिशेची असतात.

गडचिरोली, हिमाचल आणि रात्र

‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या 86 गावांमध्ये दोन वर्षं प्रत्येक मृत्यूची नोंद घेतली. 2015 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण ठरलं : दर सात मृत्यूंमागे एक. पक्षाघाताने गेलेल्यांपैकी सुमारे 87 टक्के माणसं घरीच गेली. अशा ठिकाणी दारापासून सुईपर्यंतच्या मिनिटांची चर्चा चैनीची वाटेल. पण अंगावरून वारं गेलं म्हणून आधी मालीश, मग लकव्याचं औषध देणाऱ्याकडे गावोगाव फेऱ्या, हे लोक करतात त्यामागे अनुभव आहे. रुग्णालयात नेलेल्यालाही तिथे सलाईनपलीकडे काही मिळालं नाही, हे त्यांनी पाहिलेलं असतं. जिल्हा रुग्णालयात एकाचा हात त्याच संध्याकाळी हलला, तर ती बातमी गावात पोस्टरपेक्षा लवकर पोचेल.

हे जमू शकतं. हिमाचल प्रदेशात 2014 पासून सीटी असलेल्या जिल्हा रुग्णालयांत गुठळीचं औषध मोफत ठेवून, मोबाइलवर चित्रं पाठवून न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने ते दिलं गेलं. तिथे न्यूरॉलॉजिस्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 पासून आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. त्या डॉक्टरने वाटेतून कॅज्युअल्टीला “पक्षाघात, शेवटचं ठीक चारला, शुगर 140, वीस मिनिटांत पोचतोय” एवढं सांगणं, हा हेलसिंकीच्या बारा बदलांतलाच एक बदल. त्याला पैसे लागत नाहीत. फोन उचलणारा नेमलेला माणूस मात्र लागतो.

मोजल्याशिवाय यातलं काहीही टिकत नाही. दाराशी, सीटीपाशी, सुईपाशी वेळ लिहायची आणि महिन्याकाठी सगळ्यांनी मिळून वाचायची. तसं करणाऱ्या रुग्णालयांतून एक विचित्र गोष्ट वारंवार पुढे आली आहे : जो रुग्ण लवकर पोचतो, त्याला औषध सावकाश मिळतं. हाताशी तीन तास आहेत म्हटलं की ते तीन तास वापरले जातात. लवकर आलेल्यालाच फायदा सगळ्यात जास्त, आणि त्याच्याच वाट्याला दिरंगाई.

मेलबर्नच्या रॉयल मेलबर्न रुग्णालयाने हेलसिंकीची पद्धत उचलली आणि चार महिन्यांत कामाच्या वेळेतला दारापासून सुईपर्यंतचा मध्यक 43 मिनिटांवरून 25 वर आणला. हा भाग नेहमी सांगितला जातो. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कमी सांगितला जातो : कामाच्या वेळेबाहेर, म्हणजे रात्री आणि सुट्टीच्या दिवशी, 67 मिनिटांची 62 झाली, संख्याशास्त्राच्या दृष्टीने काहीच बदल नाही. पद्धत तीच, इमारत तीच. हजर माणसं कमी. आठवड्याच्या 168 तासांपैकी कामाचे तास पन्नासही नसतात. आपल्या जिल्हा रुग्णालयात रात्री सीटीचा तंत्रज्ञ ‘ऑन कॉल’ असतो, म्हणजे त्याला घरून बोलवावं लागतं, आणि तो यायला लागणारी तीस-चाळीस मिनिटं वर सांगितलेल्या कुठल्याही युक्तीने वाचत नाहीत. पक्षाघातासाठी निधी मिळाला की पहिला प्रस्ताव नव्या यंत्राचा जातो. मला विचाराल तर तो रात्रपाळीच्या दोन तंत्रज्ञांच्या पगाराचा जायला हवा.